सासूबाई ‘नको’ म्हणाल्या

दुसऱ्याच्या शब्दाला मान देणारा माणूस बघायचा असेल, तर तांपेरे शहरात या आणि मला भेटा. समोरचा ‘हो’ म्हणाला की हो, ‘नको’ म्हणाला की नको. एकच गोष्ट मी कुणाला दोनदा विचारलेली नाही. दोनदा विचारणं म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटं ठरवणं, असं आमच्याकडे सगळ्यांनाच वाटतं. ग्रॉन्या माझ्या याच गुणावर भाळली. ती आयर्लंडची. “तुझ्याशी बोलताना डोकं चालवावं लागत नाही,” असं ती म्हणाली होती. मी ते कौतुक समजलो.

ऑगस्टमध्ये आमचं लग्न ठरलं, आणि जूनमध्ये तिची आई, अट्रॅक्टाबाई, लेक कुठल्या घरात पडतेय ते बघायला निघाल्या. नेमकं तेव्हाच ग्रॉन्याला हॉस्पिटलच्या कामासाठी दोन दिवस परगावी जावं लागलं.

“आईला सगळं विचार,” निघताना ती म्हणाली. “नीट विचार हं, ओत्सो.”

मी विचारलं. त्या बाबतीत माझ्याकडे कुणालाही बोट दाखवता यायचं नाही.

“बॅग घेऊ का?” मी विमानतळावर विचारलं.

“छे रे बाळा, हलकीच तर आहे.”

मी हात मागे घेतला. बॅग तेवीस किलोची होती. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. मी लिफ्ट तपासनीस असल्यामुळे ती मीच बंद केली होती. सासूबाई बॅगेसकट चौथ्या मजल्यापर्यंत चढल्या. मी पुढे होऊन दारं उघडत होतो. प्रत्येक जिन्यावर त्या थांबून माझ्याकडे बघून हसायच्या. मीही हसायचो. मला वाटलं, आमचं जमलं.

“कॉफी?”

“माझ्यासाठी मुद्दाम नको रे करूस.”

किटली भरली होती. मी ती रिकामी केली. मग सामन माशाचं सूप गरम केलं आणि विचारलं, “सूप घेणार?”

“नको, नको. विमानात काहीतरी खाल्लंय मी.”

मी त्यांच्यासमोर बसून दोन वाट्या सूप प्यायलो. त्या माझ्या चमच्याकडे बघत होत्या.

“वास किती छान येतोय,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हणालो. खरंच छान येत होता.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “आमच्याकडे लेट्रिमला माझी आई असंच सूप करायची.”

“असं का,” मी म्हणालो आणि भांडं फ्रीजमध्ये ठेवलं.

झोपायची वेळ झाली तेव्हा मी आतली खोली दाखवली. त्यांच्यासाठी नवी चादर घातली होती. “अगंबाई, तुझी खोली कशाला,” त्या म्हणाल्या. “मला काय, या खुर्चीतसुद्धा चालेल.” मी खुर्ची खिडकीकडे ओढून दिली. पांघरूण हवं का विचारलं. त्या जरा खोल आवाजात म्हणाल्या, “कोट आहे की.” एवढी साधी, कमी गरजांची बाई मी पाहिली नव्हती. आपलं नशीब थोर, असं मनात म्हणत मी नव्या चादरीवर झोपलो.

सकाळी त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. नाश्त्याचं विचारलं, तर “तू खा, माझं काय एवढं,” म्हणाल्या. मी खाल्लं. मग त्या “जरा मोकळ्या हवेत जाऊन येते,” म्हणून हिरवा कोट चढवून गेल्या.

दीड तास झाला तरी पत्ता नाही. फोन घरातच खुर्चीवर पडलेला. ग्रॉन्याने माझ्यावर सोपवलेली एकुलती एक आई मी चोवीस तासांच्या आत हरवली होती. तळ्याकाठी बघितलं, बागेत बघितलं. शेवटी कोपऱ्यावरच्या आईस्क्रीमवालीला विचारलं.

“हिरव्या कोटातल्या बाई? त्या काळ्या कपड्यातल्या लोकांबरोबर गेल्या,” तिने चर्चच्या सभागृहाकडे बोट दाखवलं.

सभागृहात एका मयताचा दफनानंतरचा कॉफीचा कार्यक्रम चालला होता. आमच्याकडे अशा कार्यक्रमाला नावानिशी बोलावणं असतं. ज्याला यायचंय त्याने आधी कळवायचं, काय खात नाही तेही लिहायचं, आणि तितक्याच खुर्च्या मांडतात. मी काचेतून पाहिलं. सासूबाई पहिल्या टेबलाशी, साक्षात विधवेच्या शेजारी बसल्या होत्या. एका हातात विधवेचा हात, दुसऱ्यात काटा. समोर तीन प्रकारचे केक आणि वेलदोड्याचा गोड पाव. तिथे खाणं आपापलं वाढून घ्यायचं असतं, कुणी विचारत नाही.

दारातच एका तरुणीने मला अडवलं. ती मयताची नात, सायमी.

“त्या बाई तुमच्या आहेत का?”

“होणाऱ्या सासूबाई.”

“त्या आमच्या आजोबांच्या कोण?”

“कोणी नाहीत.”

“मग रडतायत का?” सायमीने आवाज खाली आणला. “आत आल्या, पंचवीसच्या पंचवीस जणांशी हात मिळवला, सांत्वन केलं. काकांनी खुर्ची दिली, ते मघापासून उभेच आहेत. आजीने माझ्याकरवी विचारलं, माझ्या आर्मासला तुम्ही ओळखत होता का? तर म्हणाल्या, काय देवमाणूस होता. कुठे भेट झाली विचारलं, तर हुंदका दिला. आजोबा अकरा वर्षं डब्लिनच्या जहाजावर इंजिनिअर होते हो. आजी तेव्हापासून एक शब्द बोललेली नाही.”

आमच्याकडे कुणी बोललं नाही तर ती काळजीची गोष्ट नसते. पण त्या विधवेने, केर्त्तूआजींनी, कॉफीचा कपही बाजूला सारला होता. पन्नास वर्षांचा संसार त्या बशीवर पालथा घातलेला दिसत होता. मी आत गेलो. उभं राहून चारचौघांत बोलणं मला मरणाहून नकोसं वाटतं, पण इथे इलाज नव्हता.

“माफ करा,” मी म्हणालो. “या बाई तुमच्या यजमानांना ओळखत नव्हत्या. यांच्या गावात दार उघडं दिसलं की कुणीही मयताला जातं, आणि गेलेला प्रत्येक माणूस देवमाणूस असतो. त्या रडतायत त्या भुकेने. काल दुपारपासून त्या माझ्या घरी आहेत आणि तिथे त्यांच्या पोटात काही गेलेलं नाही.”

केर्त्तूआजींनी मान वर केली. “कॉफीसुद्धा नाही?”

“कॉफीसुद्धा नाही.”

सभागृहातून एक मोठा उसासा गेला. पंचवीस जोड्या डोळे माझ्यावर खिळले.

“मी विचारलं होतं,” मी म्हणालो. “त्या नको म्हणाल्या.”

“अच्छा,” उभे असलेले काका म्हणाले. “मग काय करणार.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सुटलो होतो.

सायमी हे सगळं सासूबाईंना सांगत होती. त्यांचा काटा हवेतच राहिला.

“म्हणजे इथे एकदाच विचारतात?” त्यांनी मला विचारलं.

“एकदाच.”

“आमच्याकडे तिसऱ्या वेळेपर्यंत हो म्हणत नाहीत रे. हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

सायमीने तेही आजीला सांगितलं. शेजारी केर्त्तूआजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या, डोळे पुसत हसत होत्या. त्यांनी आपला कप जवळ ओढला, भरला, आणि किटली सासूबाईंपुढे धरली.

“नको, नको, अहो—”

किटली मागे वळली. सासूबाईंनी झडप घालून तिची मूठ पकडली. “हो,” त्या म्हणाल्या. “हो. हो. द्या.” त्यानंतर त्या तीन कप प्यायल्या.

निघताना त्यांनी पुन्हा सगळ्यांचा हात हातात घेतला. मन भरून आलं होतं, पोटही भरलं होतं. त्या भरात म्हणाल्या, “ऑगस्टमध्ये आमच्या मुलीच्या लग्नाला यायचं हं. सगळ्यांनी. न येऊन चालायचं नाही.”

सायमीने शब्दन्‌शब्द सांगितला. मग केर्त्तूआजींनी पर्स उघडून छोटी डायरी काढली. “तारीख?”

मी तारीख सांगितली. सगळीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ग्रॉन्या परत आली. आईने तिला एवढंच सांगितलं की मुलगा चांगला आहे, जरा ऐकू कमी येतं. नंतर आठवडाभर आमच्याकडे पत्रं येत होती. वेळेत, सुवाच्य अक्षरात, कोण काय खात नाही त्याच्या नोंदीसह. काकांना शेंगदाणे चालत नाहीत.

“आईचं ते तोंडदेखलं बोलणं होतं,” ग्रॉन्या डोकं धरून म्हणाली. “त्यांना कळव ना, जागा नाही म्हणून.”

“ते हो म्हणालेत,” मी म्हणालो.

काल हॉलवाल्याचा फोन आला. पत्रिकेप्रमाणे खुर्च्या मांडायच्या होत्या, म्हणून त्याने विचारलं, नवरीकडचे किती, नवऱ्याकडचे किती.

“नवरीकडचे एकतीस,” मी सांगितलं. “माझ्याकडचे नऊ. आणि मयताकडचे पंचवीस.”