बायकोचं नाक आणि गाडीचे पाइप

रविवारी सकाळी नऊ वाजता चष्मेवाल्यांनी गाडीचं बॉनेट उघडलं, तेव्हा त्यांच्या हातात बरोबर आठ तास होते. पाच वाजता मेहुणा ट्रॉली घेऊन येणार होता. करार साधा होता. गाडीतला तेलाचा वास गेला तर गाडी राहणार, नाही गेला तर मेहुणा ती ट्रॉलीवर चढवून नेणार आणि गिऱ्हाईक बघून विकून टाकणार. वास गेला की नाही, हे बायकोचं नाक ठरवणार होतं. त्या नाकापुढे अपील नव्हतं. शेजारणीचं दूध करपलं तर ते शेजारणीच्या आधी हिला कळायचं.

गाडी लाल, बुटकी, दोनच सीटची. लग्न झालं त्या वर्षी चष्मेवाल्यांनी ती हौसेनं घेतली, तेव्हाही ती जुनीच होती. संध्याकाळी दुकान बंद केलं की दोघं काही काम नसताना नदीपर्यंत जाऊन यायची. आता लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि त्यातली शेवटची चार वर्षं बायको त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. "डोकं उठतं माझं," एवढंच ती म्हणायची. चष्मेवाले एकटेच चक्कर मारायला निघायचे आणि बाजूची रिकामी सीट बघून अर्ध्या वाटेतून परत यायचे. गाडी वाचवायची होती हे खरंच, पण त्याहून जास्त त्यांना ती सीट भरलेली हवी होती. हे बायकोला तोंडानं सांगायचं मात्र त्यांना कधी जमलं नव्हतं.

वासाचं मूळ त्यांनी शोधून काढलं होतं. इंजिनाच्या पोटात तेलाची वाफ धरते, ती बाहेर काढून हवेच्या फिल्टरकडे नेणारे तीन रबरी पाइप असतात. ब्रीदर पाइप म्हणतात त्यांना. ते वयोमानानं तडकले होते आणि सगळी वाफ सीटवर बसणाऱ्याच्या नाकात जात होती.

"तीन जुने काढायचे, तीन नवे घालायचे. जेवणाच्या आत हात धुऊन मोकळा," सकाळी चहा पिताना ते म्हणाले होते.

बायकोनं नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि कप उचलून नेला.

शेडमधल्या खुंटीवरून त्यांनी आपला करडा स्वेटर काढून अंगात चढवला. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत बायकोनं विणलेला हा स्वेटर ते फक्त गाडीपुरता, चालवताना आणि दुरुस्त करताना, वापरायचे आणि जिवापाड जपायचे. मग ते कामाला लागले.

पहिला पाइप शहाण्यासारखा निघाला. दुसऱ्याला हात लावला तर त्याचे शिळ्या पावासारखे तुकडे झाले आणि अर्धा पाइप नळीच्या तोंडावर चिकटून बसला. तो खरवडण्यात पाऊण तास गेला. तिसरा पाइप इंजिनाच्या मागे होता, आणि तिथे पोचायचं तर फिल्टरचा डबा काढायला हवा होता. डब्याला चार स्क्रू. तीन निघाले. चौथा काही केल्या हलेना. त्यांनी त्याला तेल पाजलं, ठोकलं, गोंजारलं, शेवटी शिवी दिली. शिवीनंतर तो निघाला.

डबा निघाल्यावर इंजिनाला हवा-पेट्रोल पाजणाऱ्या कार्बोरेटरचं तोंड उघडं पडलं. चष्मेवाले व्यवस्थित माणूस. दुकानात ते भिंगसुद्धा मऊ कापडात गुंडाळून ठेवत. एखादा स्क्रू त्या तोंडात पडला तर अनर्थ, म्हणून त्यांनी घरात जाऊन पहिलं सापडलं ते फडकं आणलं आणि तिथे नीट कोंबलं. मग समाधानानं नवे पाइप हातात घेतले.

नवा पाइप नळीवर सरकन गेला. तितक्याच सरकन परत आला. नळीवर तो बापाची विजार घातलेल्या पोरासारखा डुलत होता.

चष्मेवाले घामाघूम झाले. माप चुकणं शक्यच नव्हतं. आदल्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हातानं जुना पाइप आतून-बाहेरून मोजला होता, तोही दुकानातल्या कॅलिपरनं, दशांशापर्यंत. स्पेअर पार्टवाल्या म्हाताऱ्यानं तेव्हा विचारलंही होतं, "जुना पाइप आणलाय का?" त्यावर चष्मेवाले जरा ताठ होऊन म्हणाले होते, "माप आणलंय. माझा धंदाच मापाचा आहे."

आता भर दुपारी, रविवारी, ते म्हाताऱ्याच्या बंद दुकानावरच्या घराची बेल वाजवत होते. म्हातारा तोंड पुसत खाली आला. त्याच्या नाकावर चष्मेवाल्यांनीच बनवलेला चष्मा होता.

"सैल झाला ना?" म्हातारा म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही जुना पाइप मोजलात. तो वर्षानुवर्षं तेल पिऊन फुगलेला. मोजायची ती ज्याच्यावर पाइप चढतो ती नळी." म्हाताऱ्यानं चष्मा काढून त्यांच्यासमोर धरला. "माझा नंबर काढता तेव्हा काय मोजता हो? हा जुना चष्मा की माझा डोळा?"

 सव्वीस वर्षं चष्मेवाले गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते. मुकाट्यानं त्यांनी बारीक पाइप घेतले आणि पाय ओढत घरी आले. कंबर भरून आली होती. पोटात कावळे ओरडत होते. वाटेत त्यांच्या मनात येऊन गेलं, की न्यावी मेहुण्यानं गाडी, आपण तेवढ्यात जरा पडू.

दारात बायको उभी होती. "काय हो, माझं ओट्याचं फडकं बघितलंत का? सकाळपासून शोधतेय."

"मी कशाला बघू तुझं फडकं?" ते वैतागून म्हणाले आणि शेडमध्ये गेले.

पहिले दोन पाइप घट्ट बसले. तिसराही बसला, पण त्याची क्लिप दाबायला हातच आत शिरेना. उजवा घालून बघितला, डावा घालून बघितला, बॉनेटवर पोट टेकून, मान वाकडी करून बघितलं. क्लिप दोनदा खाली पडली. दोन्ही वेळा ती शोधायला ते गाडीखाली झोपले, आणि दुसऱ्या वेळी तिथेच पडून राहिले.

"अहो, झोपलात का काय?"

"नाही. विचार करतोय."

"घोरत विचार करताय?" बायकोनं मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवलं. "काय दाबायचंय ते दाखवा. तुमचा पंजा आहे की फावडं? त्यानं काय होणार!"

तिचा बारीक हात पाइपांच्या मधून अलगद आत गेला. 'टक्' आवाज झाला. अडीच तास अडलेलं काम संपलं होतं. तिच्या मनगटावर काळा पट्टा उमटला होता. चष्मेवाल्यांना तो स्वतःच्या हातानं पुसावासा वाटला, पण त्यांचे हात त्याहून काळे होते.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं," ते म्हणाले. मान खाली घालून त्यांनी फिल्टरचा डबा बसवला, चारही स्क्रू आवळले आणि किल्ली फिरवली.

इंजिन कण्हलं. पुन्हा फिरवली, पुन्हा कण्हलं. दहाव्या वेळी कण्हणंही बारीक झालं. तेवढ्यात फाटकाशी ट्रॉली येऊन थांबली आणि मेहुणा हात चोळत आत आला.

"काय भाऊजी, आजारी आहे वाटतं? असू दे, ढकलून चढवू."

"थांब जरा," चष्मेवाले म्हणाले. त्यांच्या आवाजात काही दम उरला नव्हता. पेट्रोल होतं, वायरी जागेवर होत्या, पाइप घट्ट होते. श्वास घ्यायला तीन कोरे पाइप देऊनही गाडी गुदमरल्यासारखी का करत होती, ते त्यांना कळेना.

"ताई, पाणी दे गं जरा," मेहुणा म्हणाला.

"देते. पण ओटा पुसायचा राहिलाय. माझं फडकं काही सापडत नाहीये. निळ्या चौकड्यांचं. तुझ्या भाऊजींना विचारलं तर माझ्यावरच ओरडले."

चष्मेवाल्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पुन्हा चार स्क्रू काढले. चौथ्याला पुन्हा शिवी द्यावी लागली. डबा उचलला आणि कार्बोरेटरच्या तोंडातून दोन बोटांनी फडकं बाहेर ओढलं. त्यावर एके काळी निळ्या चौकड्या होत्या.

बायकोनं फडक्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. मेहुण्यानं सभ्यपणे आकाशाकडे बघितलं.

डबा परत बसल्यावर गाडी एका फटक्यात सुरू झाली. इंजिन इतकं एकसारखं चालत होतं, की मेहुण्याचाही चेहरा क्षणभर पडला. बायको पदर सावरून आत बसली. चार वर्षांनी. चष्मेवाले धावत दुसऱ्या बाजूनं तिच्या शेजारी येऊन बसले, दार लावलं आणि श्वास रोखून तिच्या नाकाकडे बघत राहिले.

बायकोनं एकदा हुंगलं. दुसऱ्यांदा हुंगलं.

"आहे," ती म्हणाली.

चष्मेवाल्यांच्या अंगात आता भांडायचंसुद्धा त्राण नव्हतं. दार उघडून ते बाहेर आले, पायरीवर बसले आणि मेहुण्याला म्हणाले, "ने बाबा. चढव."

मेहुणा दोर सोडायला लागला. गाडीत बायको एकटीच बसून होती. तिनं पुन्हा हुंगलं. कपाळाला आठी घातली.

"अहो, इकडे या जरा."

ते आले, खिडकीत वाकले.

"आला. जा मागे."

ते मागे गेले.

"गेला. या परत."

ते आले.

"आला!" बायको म्हणाली. "हा स्वेटर शेवटचा धुतला कधी?"

चष्मेवाले चाचरले. "धुतला नाही."

"किती वर्षांत?"

"कधीच. शेडमध्येच असतो खुंटीला." मग मेहुण्याकडे पाठ करून ते हळूच म्हणाले, "तू विणलेला. आटला असता."

बायकोनं खिडकीतून स्वेटरची बाही चिमटीत धरून बघितली.  "चार वर्षं मी ह्या गाडीवर दात खाल्ले. मला वाटायचं, बायकोचं डोकं उठलं तरी चालेल, पण ह्यांना गाडी सुटत नाही."

"माझ्या हातून तर तूच सुटली होतीस," चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं. दिवसभराच्या दमणुकीत त्यांना लाजायचं भान राहिलं नव्हतं.

मेहुण्याला राहवलं नाही. "म्हणजे पाइप बदलायची गरजच नव्हती?"

"होती!" चष्मेवाले एकदम म्हणाले. "तडकलेलेच होते ते."

"भाऊजी, मग मी ट्रॉली रिकामी नेऊ का?"

"रिकामी कशाला?" बायकोनं खिडकीतून हात काढून स्वेटर मागितला. चष्मेवाल्यांनी तो गळ्यातून काढला, एकदा घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली आणि शेवटी दिला. तिनं तो भावाच्या अंगावर फेकला. "हा ने. लांब कुठेतरी टाक. मी दुसरा विणते. आणि तो दर रविवारी धुवायचा, आटला तर आटला."

चष्मेवाले बनियनवरच स्टिअरिंगमागे बसले. बाजूची सीट भरलेली होती. त्यांनी गिअर टाकला.

"नदीवर जाऊ या?" त्यांनी विचारलं.

"आधी बाजारात," बायको म्हणाली. "माझं फडकं घ्यायचंय."