बिघाड चालू स्थितीत ठेवण्याबाबत

घरगुती चॉकलेट दळणाऱ्या यंत्राचा पट्टा सैल होणे ही नैसर्गिक घटना आहे. पट्टा रबराचा असतो, मोटर लोखंडाची असते, आणि भांड्यातली दगडी चाके कोकोच्या दाण्यांना दोन-तीन दिवस अखंड रगडत असतात. दगड-लोखंडाच्या संगतीत बिचाऱ्या रबराने टिकावे तरी किती? ताईंच्या ओट्यावरच्या यंत्राचा पट्टाही असाच एके दिवशी सैल झाला, घसरू लागला, तापला आणि जळका वास सोडू लागला. यात कुणाचाही दोष नव्हता. दोष पुढे मंजूर झाला.

ताई म्हणजे कार्यालयात आवक-जावक सांभाळून विटलेल्या बाई. वर्षभराची बिनपगारी रजा काढून त्यांनी हे यंत्र घेतले होते. वर्षाच्या आत चौकातल्या मोठ्या दुकानात त्यांच्या चॉकलेटला कायमची फळी मिळाली तर राजीनामा. नाही मिळाली तर पुन्हा तीच खुर्ची, आणि शेजारच्या खुर्चीतून रोज सकाळी, "काय, झालं का दळून?" दुकानाची अट एकच होती. मालावर चव प्रमाणीकरण मंडळाची मोहोर हवी.

मंडळाचे परीक्षक यायचे नेमके त्याच सकाळी पट्ट्याने मान टाकायला घेतली. मिस्त्री परवापासून "निघालोच" होता. यंत्र बंद करावे तर चॉकलेट थिजून चाके जागच्या जागी जाम होणार, चालू ठेवावे तर धूर.

"ताई, रबर जळतंय गं," धाकटी बहीण नाक दाबून म्हणाली. "आणि कोको मेला कुठलाही वास लगेच ओढून घेतो. चाखून बघ."

ताईंनी चाखले. डोळे मिटले, पण ते समाधानाने नव्हे.

"कसं लागतंय?"

"सायकलचं दुकान पेटल्यासारखं."

तेवढ्यात परीक्षक आलेच. तिघे होते. थोरल्यांनी आपल्या जिभेचा विमा उतरवला होता आणि ही माहिती ते नमस्काराच्या आधी देत. मधले थोरल्यांकडे बघून मत बनवत, तिसरे मधल्यांकडे बघून. थोरल्यांनी तुकडा जिभेवर ठेवला. ताईंच्या यजमानांनी आदराने पंखा बंद केला. थोरल्यांच्या कपाळावर आठी आली, गेली, पुन्हा आली. आता थुंकावे, तर न थुंकणारा कुणी उद्या म्हणायचा, यांना काही कळत नाही. लहान जिभेला ही भीती नसते. मोठ्या जिभेला दुसरी कसलीच नसते.

"धूर," ते अखेर म्हणाले. "पण उथळ नव्हे. विचारी धूर."

"मागून डांबर येतंय. संयत," मधले म्हणाले.

"मी म्हणणारच होतो," तिसरे म्हणाले.

"अहो, कसलं डांबर? आमचा पट्टा जळ..." धाकटीने तोंड उघडले. ताईंनी तिच्या पायावर पाय ठेवला.

देवाने माणसाला जीभ दिली ती दोन कामांसाठी, चाखायला आणि खरे बोलायला. त्या खोलीत सहा जिभा होत्या. पाच रजेवर होत्या आणि सहावीच्या पायावर पाय होता.

'अ' श्रेणी मिळाली. दुकानात वर्षाखेरपर्यंत तात्पुरती फळी मिळाली. विचारी धूर हातोहात खपला.

मग मिस्त्री उगवला. त्याने नवा पट्टा घातला, झिजलेले बुश बदलले, चाके तळावर नीट बसवली. पुढचा घाणा असा उतरला की ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. गडद, रेशमासारखा, गिळल्यावर मागे किंचित आंबूस गोडी. तो दुकानात गेला आणि दोन दिवसांत व्यवस्थापकाचा फोन आला.

"बाई, गिऱ्हाइकं विचारतायत, धूर कुठे गेला? एक आजोबा तर भांडलेच. म्हणाले, आम्ही काय नुसतं चॉकलेट खायला येतो का इथे?"

पाठोपाठ मंडळाचा आदेश आला. प्रमाणित नमुन्यापासून विचलन आढळले आहे. आपले यंत्र सुस्थितीत असल्याची गंभीर दखल घेण्यात आली आहे. बिघाड तातडीने पूर्ववत करावा, अन्यथा मोहोर रद्द समजावी.

मिस्त्रीला निरोप गेला. या वेळी तो चहा गाळून होईपर्यंत दारात हजर.

"बिघाड घालायचा?"

"होता तोच. तसाच."

मिस्त्रीने डोके खाजवले. मग त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकाश पसरला. "ताई, कसंय, दुरुस्ती कुणीही करतं. बिघाड मन लावून करावा लागतो. याचा दर वेगळा पडेल."

तिथून यंत्राचे अद्ययावतीकरण सुरू झाले. आधी मोठी मोटर आली, कारण लहान मोटरीने पट्टा मनापासून जळत नव्हता. मोठ्या मोटरीने तो फारच जळू लागला, म्हणून घसर कमी-जास्त करणारी कळ आली. कळीने धूर आटोक्यात आला, पण तो खालीच रेंगाळू लागला, म्हणून त्याला सन्मानाने भांड्यापर्यंत पोहोचवणारा छोटा पंखा आला. पट्टा जळून तुटला तर उत्पादन थांबू नये, म्हणून शेजारी एक राखीव पट्टा बसवला. तो आपली पाळी येईपर्यंत मंद आचेवर असे. मिस्त्रीने छातीवर बिल्ला लावला, 'बिघाड सल्लागार', आणि पुढे पंखा दुरुस्त करायला कुणी बोलावले तर तो अपमान मानू लागला.

घराचे काय झाले, ते विचारू नये. यजमान बसमध्ये चढले की चालक गाडी बाजूला घेऊन इंजिन बघत असे. समोरच्या काकांनी ईर्षेने जळक्या वायरीची चव काढली आणि 'ब' श्रेणी मिळाल्यामुळे अंथरूण धरले. मंडळाचा निरीक्षक महिन्याच्या महिन्याला येऊन यंत्र नीट चालत नाही ना, याची खात्री करून जाई. एकदा ते दोन दिवस चुकून नीट चालले. खुलासा मागवण्यात आला. यजमानांनी लिहून दिले, "हयगयीमुळे सुस्थिती निर्माण झाली. पुन्हा असे होणार नाही."

ताई मात्र अधूनमधून कळ शून्यावर नेत, दाराला कडी घालत आणि घरच्यापुरता एक लहानसा घाणा काढत. चोरी करावी तसा.

वर्ष संपत आले. फळी कायम करण्यासाठी तेच तिघे परीक्षक पुन्हा आले. तपासणीची बशी धाकटीने आणून ठेवली. बशी तिने चुकून बदलली की मुद्दाम, हे तिने आजवर सांगितलेले नाही. थोरल्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि ते खुर्चीवरून उठलेच.

"यात... यात चॉकलेटशिवाय काहीच नाही!"

"भेसळ," मधले म्हणाले. "चॉकलेटची."

तिसऱ्यांचा हात आपोआप दुसऱ्या तुकड्याकडे निघाला होता. थोरल्यांनी बघितले. हात वाटेत वळला आणि कान खाजवू लागला. "मी म्हणणारच होतो."

"बाई," थोरले म्हणाले, "हे तुम्ही केलंत?"

"सांग ना, ताई," धाकटी म्हणाली. "सांग, मीच केलंय. याच हातांनी. आणि हे चांगलं आहे म्हणून सांग!"

ताईंनी बशीकडे पाहिले. यजमानांनी छताकडे पाहिले. उद्या एक तर राजीनामा जायचा होता, नाही तर ताई.

"छे हो," ताई म्हणाल्या. "ते नुकसानीतलं. फेकायलाच काढलं होतं." आणि त्यांनी दुसरी बशी आणली.

थोरल्यांनी डोळे मिटून धूर आत घेतला. फळी कायम झाली. राजीनामा गेला. मंडळाने अभिनंदनात लिहिले की असा सातत्यपूर्ण बिघाड नवोदितांना मार्गदर्शक ठरेल.

"फेकायचंय ना? आण, मीच टाकते," संध्याकाळी धाकटी म्हणाली. तिने नुकसानीतली बशी उचलली, फाटकाबाहेर स्टूल मांडले, त्यावर बशी ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणू लागली, "घ्या ना, असंच आहे, पैसे नकोत." ताई खिडकीत उभ्या राहून बघत होत्या. कुणी तरी एक जण, एकच जण...

बरेच जण न बघता गेले. तुम्ही मात्र थांबलात. हो, तुम्हीच, हातात पिशवी होती तुमच्या. तुकडा उचललात, उलटासुलटा केलात, नाकाशी नेलात.

"यात विशेष काय?"

"चांगलं लागतं," धाकटी म्हणाली.

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते. खाऊन बघा की, तुम्हीही म्हणाल."

तुम्ही समजूतदारपणे हसलात. तुकडा होता तिथे ठेवलात, बोटे रुमालाला पुसलीत आणि चौकाकडे निघालात. वर ताई खिडकीतून आत वळल्या. कळ फिरली. रस्त्यावर धूर उतरला, आणि तुम्ही जरा पुढे जाऊन थबकलात, छाती भरून श्वास घेतलात आणि मागे वळून धाकटीला म्हणालात, "बघा, बाई. याला म्हणतात चॉकलेट."