गोरोम्बाचं डावं शिंग

"नापास!" तेत्सुझो नागाकुरा जेवणाच्या टेबलाशी बसून एकटाच ओरडला. "डावं शिंग अर्धं गायब! डोळ्यावर ही एवढी चीर! असला माल बाहेर काढायला यांना लाज कशी वाटत नाही?"

टेबलावर वीतभर उंचीचा एक राक्षस दात विचकून उभा होता. त्याचं नाव गोरोम्बा. कुठल्याशा व्हिडिओ गेममधला हा प्राणी आता शौकिनांच्या काचेच्या कपाटांत जाऊन बसणार होता. त्याआधी त्याचा हा नमुना पास की नापास, ते तेत्सुझोने सांगायचं होतं. शिझुओकात खेळण्यांचे साचे घासण्यात त्याची एक्केचाळीस वर्षं गेली होती. केसाएवढा खड्डाही त्याच्या बोटाला कळायचा. पण निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत त्याला कुणी साधं 'हे बघता का' म्हणूनही विचारलं नव्हतं. त्यामुळे शुक्रवारी खेळण्यांच्या कंपनीतली मिओ नावाची मुलगी खोकं घेऊन दारात आली, तेव्हा गडी दोन इंच उंच झाला.

"नुसतं बघून कागदावर लिहून ठेवा हं, नागाकुरासान," ती वाकून म्हणाली होती. "रविवारी अकराला मालक स्वतः येतील. तुमचा शब्द अखेरचा, असं म्हणालेत ते."

नुसतं बघून! इथेच तर घोडं पेंड खात होतं. दोष दिसला की तो लिहून ठेवायचा, हे तेत्सुझोच्या हाताला ठाऊकच नव्हतं. दोष दिसला की हात कानशीकडे जायचा. शनिवारी बायको हात्सुए बहिणीकडे हमामात्सूला गेलेली, घरात अडवणारं कुणी नाही. त्याने खड्डे बुजवायची लांबी कालवली, शिंगाचं टोक घडवलं, चीर बुजवली, पॉलिश पेपर फिरवला, रंगाला रंग मिळवला. चार तासांनी गोरोम्बा इतका देखणा झाला की त्याच्यासाठी मुलगी बघायला हरकत नव्हती. कागदावर त्याने ठसठशीत लिहिलं, 'दोन गंभीर दोष. दुरुस्त केले आहेत.' आणि स्वतःवर खूश होऊन झोपला.

रविवारी साडेनऊला हात्सुए परतली. पिशवी ठेवली, टेबलाकडे पाहिलं आणि किंचाळली.

"अगंबाई! गोरोम्बाला डावं शिंग कुठून आलं?"

तेत्सुझोच्या हातातला चहा हिंदकळला. "तुला... तुला याचं नाव कसं माहीत?"

"मला नाही माहीत तर कुणाला! तीनशे बारा वेळा मारलाय मी त्याला."

"काय?"

"अहो, मुलगी लग्न करून गेली, ते गेमचं यंत्र इथेच टाकून गेली ना? तुम्ही दुपारी गोचा पट मांडायला क्लबात जाता, तेव्हा मी काय भिंतीकडे बघत बसू?"

"तू तर म्हणायचीस, स्वयंपाकाचा कार्यक्रम बघते!"

"एकदा बघितला होता," हात्सुए शांतपणे म्हणाली आणि तिने टीव्ही लावला.

पडद्यावर डोंगराएवढा गोरोम्बा डरकाळी फोडत आला. डावं शिंग अर्धं तुटलेलं, डोळ्यावर चीर. जन्मल्यापासून तसाच! ज्या दोन खुणांवरून लहान पोरही या राक्षसाला ओळखेल, नेमक्या त्याच तेत्सुझोने घासून साफ केल्या होत्या. वर तसं कागदावर लिहूनही ठेवलं होतं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"साठी बुद्धी नाठी," हात्सुए म्हणाली. "आधी विचारायचं तरी!"

"अगं, सहा वर्षांनी कुणीतरी माझं नाव काढलं होतं गं. आता गावभर होईल, म्हातारा संपला म्हणून."

त्याचा आवाज ऐकून हात्सुएने बाह्या वर केल्या. "रडू नंतर. दीड तास आहे. फोडा ते शिंग."

चीर सोपी होती, लांबी खरवडली की आली. शिंगासाठी त्याने बारीक करवत उचलली, तर हात्सुएने मनगट धरलं.

"करवत? तुटलेलं शिंग कधी सपाट असतं का?"

"पण नमुन्यात तसंच होतं! सपाट!"

"मग नमुनाच चुकलाय. खेळात त्याला खालून हातोडा बसतो, म्हणून शिंग मागच्या बाजूला फाटतं, पुढे नखासारखं टोक उरतं. मी मारते ना रोज! चला, खालून हाणा."

तेत्सुझोने हात उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला. एक्केचाळीस वर्षांत त्याने धड वस्तू मोडली नव्हती. "नाही होणार माझ्याच्याने," तो म्हणाला.

"मग नुसतं घट्ट धरा." हात्सुएने तीळ वाटायचा लाकडी दांडा आणला, एक डोळा मिटला आणि हाणला. खाड्‌! टोक उडून सरळ मिसो सूपच्या पातेल्यात पडलं. शिंग मागे फाटलं होतं आणि पुढे नखासारखं टोक उरलं होतं.

"रंग द्या आता. आतून पिवळट. कडेला काळं. अंहं, एवढं नको, घाण वाटतं!" ती सांगत गेली, तो ब्रश चालवत गेला. इतक्या मुकाट्याने त्याने फोरमनचंही कधी ऐकलं नव्हतं.

अकराला बेल वाजली. मालक इसोगाइ आणि मिओ आत आले, बसले. इसोगाइंनी गोरोम्बा उचलला, फिरवला, शिंगाशी थांबले.

"हे शिंग आमचं नाही," ते म्हणाले.

तेत्सुझोने कपाळ चटईला टेकवलं आणि सगळं सांगून टाकलं. लांबी, पॉलिश पेपर, दांडा, पातेलंसुद्धा. "मी हा खेळ कधी पाहिलाच नव्हता. आणि तरी परीक्षक म्हणून मिरवलो," तो म्हणाला.

"मिओसान," इसोगाइ शिंगावरची नजर न हलवता म्हणाले, "तीन महिने मी कारखान्यात काय ओरडतोय?"

"शिंग कापलेलं दिसतं, तुटलेलं दिसत नाही, असं."

"हे बघ तुटलेलं! याचाच साचा करायचा. नागाकुरासान, काय नजर आहे तुमची!"

"माझी नाही, हिची," तेत्सुझो म्हणाला.

"छे, छे," हात्सुए रीतीप्रमाणे वाकली, "मला बाईला काय कळतंय! सगळं यांचंच."

"खोटं बोलू नकोस!" तेत्सुझो असा गरजला की मिओ दचकली. तो उठला, कपाटातून सहीऐवजी मारायचा घरचा शिक्का आणला आणि बायकोच्या हातात ठेवला. "कागदावर परीक्षकाच्या जागी तू उठव."

हात्सुएने दोन्ही हातांनी दाबला आणि शिक्का सरळ उठला. घरच्या शिक्क्यावर नुसतं आडनाव असतं, तेवढंच उमटलं, नागाकुरा.

शरद ऋतूत गोरोम्बा दुकानात आला. खोक्याच्या मागे छापलं होतं, 'परीक्षण : नागाकुरा'. गल्लीत जो तो तेत्सुझोला अडवू लागला.

"अभिनंदन, नागाकुरासान!"

"मी नव्हे हो, आमच्या हिने केलं ते."

"वा! केवढी ही नम्रता!" शेजारचे माकितासान हात जोडायचेच बाकी होते.

"नम्रता नाही, खरं सांगतोय! मी नुसता धरून उभा होतो!"

"बघा बघा, मोठी माणसं अशीच असतात."

तो जितकं खरं बोले, तितका थोर ठरे. घरी येऊन पाय आपटायचा, "कुणी विश्वासच ठेवत नाही गं!" आणि हात्सुए पडद्यावरची नजर न काढता म्हणायची, "थांबा हो, शेपूट तुटतंय."

मग नोव्हेंबरात एका सकाळी कुरिअरवाला आला. तेत्सुझो फाटकापाशीच होता. कंपनीचं नवं खोकं, नवा राक्षस. वर चिठ्ठी डकवलेली, 'परीक्षक श्रीमती हात्सुए नागाकुरा यांस'. त्याने ती दोनदा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

हात्सुएला फाटकाचा आवाज साडेनऊला आला होता. नवरा स्वयंपाकघरात पोचला, तेव्हा साडेदहा वाजले होते. कपाळावर घाम, छाती फुगलेली आणि खोक्याची चिठ्ठी बरोबर समोरच्या बाजूला.

"फाटकापासून इथवर यायला तास लागतो?"

"वाटेत माकितासान भेटले."

"एवढा वेळ?"

"मग समोरच्या वहिनी. तांदूळवाले. क्लबातले सगळे." त्याने खोकं दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवलं आणि आपले कारखान्यातले जुने पांढरे हातमोजे त्यावर घडी करून ठेवले. "चहा ठेवू का, परीक्षकबाई?"