थोरल्या साडूने बटणं दाबली

धाकट्या साडूने सोडलेलं मूरिंग सुतासारखं सरळ पाण्यात गेलं, शास्त्रज्ञ मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि थोरल्या साडूच्या पोटात दुखायला लागलं.

मूरिंग म्हणजे तळाशी वजन, वर पिवळे गोळे आणि मधल्या दोराला समुद्राचं तापमान मोजणारी यंत्रं. वर्षभर ते पाण्यात उभं असतं. थोरल्याने या जहाजावर अठरा वर्षांत अशी दीडशे तरी सोडली आणि काढली होती. टाळी म्हणून कोणी वाजवली नव्हती. त्यात या फेरीत मॅडम डेकचा प्रमुख नेमणार होत्या! जळफळत त्याने संध्याकाळी धाकट्याच्या मूरिंगचा नंबर आणि तपासण्यांचा कागद सहा वेळा वाचला. चूक काही सापडली नाही.

सकाळी जवळच असलेलं गेल्या वर्षीचं मूरिंग काढायचं होतं. प्रत्येक मूरिंगचा नंबर वेगळा. तो बटणांच्या पेटीवर दाबला की पाण्यातून इशारा जातो, तळाची पकड सुटते आणि गोळे वर येतात. पेटी थोरल्याकडे होती.

"दादा, गोळे पहिले मी दाखवणार हं!" धाकटा कठड्यावरून ओरडला.

"दाखव बाबा. सध्या तुझंच राज्य आहे," असं पुटपुटत थोरल्याने नंबर दाबला.

सगळे उजवीकडे डोळे लावून बसले आणि गोळे उगवले डावीकडे. नवेकोरे, पिवळेधमक.

"वर्षभरात साधं शेवाळ नाही?" मॅडम म्हणाल्या.

थोरल्याने पेटीवरचा नंबर पुन्हा पाहिला. सहा वेळा वाचून धाकट्याचाच नंबर पाठ झाला होता आणि बोटांनी तोच दाबला होता.

"अहो, हे तर कालचं माझं!" धाकट्याचा चेहरा पडला.

क्रेनने यंत्रं डेकवर आली. प्रत्येकावर लाल टोपण तसंच! सोडण्याआधी काढायचं राहिलेलं. वर्षभर एकही आकडा मिळाला नसता. सापडली चूक! थोरल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तो तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला कागदावरची शेवटची ओळ आठवली: 'टोपणं काढल्याची तपासणी'. तिच्यापुढे सही त्याचीच होती. मॅडम धाकट्याशी काय हसून बोलताहेत, तिकडे कान देऊन त्याने ती न बघता ठोकली होती.

"हे वर कोणी बोलावलं?" मॅडमनी विचारलं.

थोरल्याने पेटी हळूच मागे सरकवली.

"दादांनी," धाकटा म्हणाला. "टोपणं काढायला मी विसरलो, मॅडम. दादांना शंका आली असणार. वर्षाचं काम वाचवलं त्यांनी."

"अहो, मग मला सांगायचं तरी आधी!" मॅडम खूश झाल्या. "डेकचे प्रमुख आजपासून तुम्हीच."

दुपारी थोरल्याने घरी फोन लावला. "अगं, प्रमुख झालो मी!"

"कळलं. धाकटीचा फोन येऊन गेला," बायको म्हणाली. "काय मोठ्या मनाचे हो भाऊजी! चारचौघांत चूक कबूल केली, वर मान तुम्हाला दिला. आता त्यांना कायम बरोबर ठेवा. शिकायला मिळेल."

"त्याला ना?"

"नाही हो. तुम्हाला."