जावईबापूंनी लिनक्स बसवले

जी वस्तू बरी चालली आहे तिच्यात सुधारणा करणे हे सुशिक्षित माणसाचे आद्य कर्तव्य आहे. बिघडलेली वस्तू कोणीही दुरुस्त करतो. त्यासाठी पगारी माणसे असतात. चालत्या वस्तूला मात्र घरचाच माणूस लागतो, आणि तो नात्याने जितका मानाचा, तितकी सुधारणा खोलवर जाते.

चष्मेवाल्यांच्या दुकानातला संगणक अकरा वर्षे बरा चालला होता. सकाळी बटण दाबले की नऊ मिनिटांनी तो जागा होई. तेवढ्यात चष्मेवाले काउंटरची काच पुसत, आरसा पुसत, आणि तपासणीच्या खुर्चीसमोरचा अक्षरांचा तक्ता सरळ करत. (तक्ता वाकडा असला की लोकांना आपले डोळे बिघडल्यासारखे वाटते. सरळ असला तरी वाटते, पण मग ते खरे असते.) मागच्या खोलीत त्यांची बायको काचा घासण्याच्या यंत्रावर बसे. फ्रेमच्या मापाची काच घासावी तर तिनेच. संगणकात चार हजार दोनशे बारा माणसांच्या डोळ्यांचे नंबर होते, शिवाय चष्मेवाल्यांचे खासगी शेरे: 'सगळे दिसते म्हणतात, दिसत नाही', 'यांना फक्त फ्रेम बदलायची असते', 'तपासताना बायकोला बाहेर बसवणे'.

अशा सुरळीत दुकानात एका सोमवारी जावईबापू आले. वय बेचाळीस, स्वभाव मदतीचा, नोकरी एका मोठ्या कंपनीच्या 'सोल्यूशन्स' विभागात. (प्रॉब्लेम कोणत्या विभागात असतात हे सासरच्या कोणी कधी विचारले नव्हते.) गावात त्यांचे चार दिवसांचे काम होते, लेक मागे राहिली होती. त्यांनी ती नऊ मिनिटे उभ्याने पाहिली.

"बाबा, हे काय चाललंय?"

"चालू होतोय," चष्मेवाले म्हणाले.

"यात लिनक्स टाकून देतो. अर्ध्या तासाचं काम."

लिनक्स ही संगणक चालवणारी एक फुकट प्रणाली आहे. ती पेनड्राइव्हवरून बसवता येते आणि म्हाताऱ्या यंत्रालाही पळायला लावते, असे तिच्या भक्तांचे म्हणणे आहे, आणि ते खरे आहे. प्रश्न लिनक्सचा नव्हताच. प्रश्न असा की जावयाला 'नको' म्हणण्याची पद्धत अजून कोणी शोधलेली नाही. 'कशाला उगाच त्रास' आणि 'आधी चहा तर घ्या' ही दोन वाक्ये उपलब्ध होती. चष्मेवाल्यांनी दोन्ही वापरली. चहा पिऊन झाला.

मागच्या खोलीत यंत्र थांबले. "अहो, पण त्यातले नंबर?" बायकोने विचारले.

"पेनड्राइव्हवर घेतलेत आई, निर्धास्त राहा," जावईबापू म्हणाले, आणि त्यांनी ते खरोखरच घेतले होते.

मग त्याच पेनड्राइव्हवर त्यांनी लिनक्सची फाइल ठेवली, तो मागच्या खाचेत खोचला आणि संगणक सुरू केला. नऊ मिनिटांनी जुनीच प्रणाली हसत हजर झाली. पेनड्राइव्हकडे आधी बघ, असे संगणकाला सांगावे लागते, आणि ते सुरू होतानाच्या दीड सेकंदात एक विशिष्ट बटण दाबून सांगावे लागते. ते बटण कोणते, याबद्दल प्रत्येक संगणकाचे स्वतंत्र मत असते. जावईबापूंनी दुपारपर्यंत अकरा बटणे दाबली आणि चुकलेल्यांची नोंद हाताशी आलेल्या एका पुठ्ठ्यामागे केली. बारावे बरोबर निघाले. तेव्हा कळले की फाइल पेनड्राइव्हवर नुसती ठेवून भागत नाही, एका खास प्रोग्रामने ती लिहावी लागते. मंगळवारी त्यांनी ती लिहिली. (असे लिहिताना पेनड्राइव्हवर आधीचे जे असेल ते पुसले जाते. तसे त्या प्रोग्रामने लाल अक्षरांत विचारले होते. जावईबापूंनी 'हो' म्हटले होते.)

आता पडदा काळा झाला, त्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांच्या आठ-दहा ओळी आल्या आणि सगळे थांबले. पुन्हा केले, पुन्हा थांबले.

चष्मेवाले मागे उभे होते. चाळीस वर्षे ते लोकांना एकच वाक्य सांगत आले होते: "आता सगळ्यात खालची ओळ वाचा." पडद्यावर खालची ओळ होती. ती वाचा, एवढे म्हणायचे होते. पण जावयाला 'वाचा' म्हणायचे म्हणजे तुम्ही वाचले नाहीत असे म्हणायचे. उद्या लेकीला कळले तर ती म्हणणार, बाबा, तुम्ही त्यांना खुर्चीत बसवून तपासलंत? चष्मेवाल्यांनी आरसा पुन्हा एकदा पुसला.

बायकोला एवढी नाजूक समज नव्हती. "ते खाली काय लिहिलंय हो?"

"तांत्रिक असतं ते, आई," जावईबापू म्हणाले.

'तांत्रिक' हा मोठा सोयीचा शब्द आहे. तो ज्याला लावला ते वाचायचे नसते.

बुधवारी जावईबापूंनी जगभरच्या जाणकारांचे मत मागवले. इंटरनेटवर लिनक्सप्रेमींचे एक व्यासपीठ आहे. तिथे त्यांनी प्रश्न टाकला, सोबत पडद्याचा फोटो जोडला. फोटो पुसट आला होता. (चष्म्याच्या दुकानातून गेला होता, हे विशेष.) संध्याकाळपर्यंत एकसष्ट उत्तरे आली. त्यांची वर्गवारी अशी: लिनक्सचा हा प्रकारच चुकीचा, दुसरा घ्या, म्हणणारे तेवीस, त्या तेवीस जणांशी भांडणारे सतरा, विचारण्यापूर्वी शोधले होते का, असे विचारणारे बारा, माझेही असेच झाले आहे, सुटल्यास कळवा, म्हणणारे आठ, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा एक. जावईबापूंनी एकसष्टही जणांचे आभार मानले. माणूस खरोखर सज्जन होता.

इकडे दुकान ठप्प झाले होते. चाळीस चष्मे तयार होते, पण पाकिटांवर नुसते अनुक्रमांक होते. कुठला क्रमांक कोणाचा हे संगणकात. पेनड्राइव्ह काढून तूर्त जुन्यावरच भागवावे का, असे चष्मेवाल्यांनी हळूच सुचवून पाहिले.

"बाबा, आता माघार नाही," जावईबापू म्हणाले. त्यांच्या डोळ्यांखाली काळे आले होते. चष्मेवाल्यांना त्यांची दया आली, आणि थोडी स्वतःचीही.

गुरुवारी सकाळी मागच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका चौथ्यांदा आल्या. जुन्या चष्म्यावर त्या स्वतःच बसल्या होत्या, नवा त्या चाळीसांत कुठेतरी होता.

"चार दिवस शेजारीण पेपर वाचून दाखवतेय," बाई म्हणाल्या. "मृत्यूच्या बातम्या गाळते. मला कळत नाही का? आज चष्मा घेतल्याशिवाय मी हलायची नाही."

चष्मेवाल्यांनी त्यांना खुर्चीत बसवले आणि पुन्हा नंबर काढायला घेतला. तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली, काचा बदलत गेले. जवळचे वाचून घ्यायचे तर वाचनाचा पुठ्ठा सापडेना. (चुकलेली बटणे त्याच्याच मागे लिहिली होती, आणि तो आता जावईबापूंच्या चहाखाली होता.)

"समोर दिसेल ते वाचा, बाई."

समोर संगणक होता. बाईंनी मान ताठ केली आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे वाचले. खालची ओळ होती: 'सेटअपमध्ये जाऊन सिक्युअर बूटचे धोरण तपासा'. म्हणजे अनोळखी प्रणाली आत येऊ न देणारा संगणकाचा पहारेकरी जागा होता, आणि त्याला कुठे जाऊन गाठायचे हे तोच तीन दिवस लिहून सांगत होता.

"वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिलेला नाही," बाईंनी पुस्ती जोडली.

मग जावईबापूंनी कपाळावर हात मारला, सेटअप उघडले, ते धोरण बंद केले, आणि काळ्या पडद्याच्या जागी निळाशार, प्रसन्न पडदा उगवला. मागच्या खोलीतून बायको हात पुसत आली. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. जावईबापूंनी लगेच लेकीला फोन लावला. "झालं गं! काही नाही, एक सेटिंग होतं," ते सांगू लागले, आणि दुसऱ्या हाताने पडद्यावरच्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागले. भाषा? पुढे. घड्याळ? पुढे. कळफलक? पुढे.

चौथ्या प्रश्नाशी चष्मेवाल्यांनी, चार दिवसांत प्रथमच, पडद्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचली. "जावईबापू, इथं सगळी डिस्क पुसणार असं काहीतरी लिहिलंय."

"ते असतंच बाबा. आपले नंबर पेनड्राइव्हवर आहेत ना." पुढे.

सतरा मिनिटांत लिनक्स बसले. संगणक चौदा सेकंदांत सुरू झाला. जावईबापूंनी तो तीनदा बंद-चालू करून दाखवला. मग त्यांनी पेनड्राइव्ह उघडला. त्यात लिनक्स होते. त्यांनी तो बंद करून पुन्हा उघडला. तेव्हाही लिनक्सच होते. कानाशी लावलेल्या फोनमधून लेक "हॅलो? हॅलो?" करत राहिली.

बायकोनेच शेवटी हिशेब मांडला. "म्हणजे आता चष्मे आहेत, माणसं आहेत. कोणाचा कुठला, तेवढं नाही."

जावईबापू तपासणीच्या खुर्चीत बसले. बाईंनीच ती त्यांना रिकामी करून दिली. "बाबा, अकरा वर्षांचं काम. माझ्यामुळे गेलं."

चष्मेवाले म्हणाले, "छे छे. वेग बघा की काय आलाय." आणि त्यांनी, हाताला सवय होती म्हणून, जावयाच्या नाकावर तपासणीची फ्रेम ठेवली. चहाखालचा पुठ्ठा काढून पुढे धरला. "खालची ओळ वाचा."

जावईबापूंना खालची ओळ दिसली नाही. तिच्या वरचीही नाही. वरून तिसरी दिसली, ती ते चुकीची वाचत होते. जवळचा नंबर पावणेदोन निघाला. गेली दोन-तीन वर्षे ते बारीक अक्षरे अंदाजाने वाचत आणि 'पुढे' म्हणत आले होते, आणि त्यांच्या विभागात त्यामुळे कोणाचेही काही अडले नव्हते.

बायकोने त्याच दुपारी त्यांच्या काचा स्वतः घासल्या. घरात समाधान पसरले. चूक डोक्याची असती तर लेकीला काय तोंड दाखवले असते? डोळ्यांची निघाली, आणि डोळ्यांची चूक या दुकानात सन्मानाने दुरुस्त होते.

पुढच्या महिन्यात चष्मेवाल्यांनी 'सर्वंकष दृष्टी पुनर्तपासणी मोहीम' जाहीर केली. मूळ चाळिसांना पाकिटांसमोर बसवून, ज्यात दिसेल तो चष्मा घ्यावा, असे सांगण्यात आले. सत्तावीस जणांनी नेलेला चष्मा त्यांचा नसावा असा बायकोचा अंदाज आहे, पण एकही तक्रार आलेली नाही. मुख्याध्यापिका बाईंचा मात्र त्यांचाच आहे. त्या आता मृत्यूच्या बातम्या शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवतात.

जावईबापूंना हसणाऱ्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: त्यांना पावणेदोन नंबर होता. आपल्याला ही कथा इथपर्यंत वाचता आली, त्याअर्थी आपली दृष्टी ठीक आहे. तेव्हा फोनवर मागे कधीतरी उमटलेल्या ज्या अठ्ठेचाळीस पानी मजकुराखाली 'मी हे वाचले असून मला मान्य आहे' असे आपण कबूल केले, त्यातला कोणताही एक शब्द आठवून पाहावा. ('मान्य' धरला जाणार नाही.)