पाचही बटणं घट्ट बंद

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी दातांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतून सहा पेशंट एकाच वेळी उठले आणि चालते झाले. आग लागली नव्हती, भांडण झालं नव्हतं, दिवेही गेले नव्हते. सर्वांत पुढे होती डॉक्टरांची सख्खी थोरली बहीण.

डॉक्टर त्या वेळी आतल्या खोलीत पोस्टमनच्या दाढेत ड्रिल घालून बसले होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते भलत्याच कुणावर तरी भडकलेले होते.

डॉक्टरांनी बावन्नाव्या वर्षी इलेक्ट्रिक गिटार शिकायला घेतली, याला घरात कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती आवाजाला. पहिल्याच रविवारी बायकोने सांगून टाकलं, "या घरात एक तर ती गिटार राहील, नाही तर मी."

"माझी गिटार माझ्याशिवाय कुणाला ऐकूच येणार नाही, अशी व्यवस्था करतो," डॉक्टर म्हणाले.

"मलाही नाही?"

"तुलाही नाही."

"मग खुशाल शिका."

व्यवस्था म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा एक अ‍ॅम्प्लिफायर. नवशिक्यांसाठीच बनवलेला. बॅटरीवर चालतो, काखेत मारून कुठेही नेता येतो आणि हेडफोनची वायर खोचली की त्याचा स्पीकर मुका होतो. गिटारला काडेपेटीएवढी बिनतारी डबी लावायची, म्हणजे डबा कुठेही ठेवला तरी चालतो. दवाखाना उघडण्याआधी अर्धा तास डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत आडवे होऊन सराव करत आणि मग गिटार खुर्चीमागच्या खुंटीला टांगून ठेवत. तीन आठवडे भिंतीपलीकडच्या शिंप्यालाही सुगावा लागला नव्हता. "सगळा खेळ व्यवस्थेचा असतो," असं डॉक्टर भेटेल त्याला ऐकवत होते.

आता ताई. ताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी बाकावर उभं केलेलं. पण दातांच्या खुर्चीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पहिलीतल्या पोरासारखा व्हायचा. अकरा वर्षं त्यांनी भावाला तोंड उघडून दाखवलं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी खालची डावी दाढ सुजली, मग गाल सुजला, आणि डॉक्टरांना झोप लागेना. आत पू झाला होता. तो गळ्याकडे उतरला असता तर दवाखान्याने भागलं नसतं, हॉस्पिटलच गाठावं लागलं असतं. आठ दिवस विनवण्या केल्यावर ताई तयार झाल्या, तेही एका अटीवर.

"मी बाहेर बसेन. आतून जरासा जरी आवाज आला, तर उठून जाईन. पुन्हा बोलवायचं नाही."

"ताई, माझ्या दाराला रबर लावलेलं आहे. टाचणी पडल्याचाही आवाज येणार नाही."

आणि खरोखर, दारातून काहीच आलं नाही. जे आलं ते काउंटरच्या फळीवरून आलं.

त्या सकाळी डब्याची बॅटरी संपत आली होती. आतल्या खोलीत प्लगला जागा नव्हती, म्हणून काउंटरवरच्या मावशींनी तो बाहेर आणून चार्जिंगला लावला. मावशी व्यवस्थित. हेडफोनची वायर लोंबत होती, ती त्यांनी काढून गुंडाळून ठेवली. डब्यावर हिरवा दिवा जळत होता, म्हणजे यंत्र चालूच असणार. मग त्यांनी डब्यावरची पाचही बटणं, घरचे नळ बंद करतात तशी, उजवीकडे पिळून घट्ट बंद केली.

गिटारच्या तारांखाली चुंबकं असतात. ती तारांची थरथर पकडतात, आणि शेजारी विजेची मोटार फिरली तर तीही पकडतात. डॉक्टरांचं ड्रिल विजेवर चालणारं. गिटार त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर. काडेपेटीएवढ्या डबीचा दिवा अजून जळत होता.

दहा वीसला पोस्टमनला भुलीचं इंजेक्शन दिलं. दहा अडतीसला ड्रिल सुरू झालं. बाहेरच्या खोलीत, ताईंच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, कुणीतरी लोखंडी पूल करवतीने कापायला घेतल्यासारखा आवाज उठला.

आत डॉक्टरांना तो रबरातून दबून ऐकू आला. "खणायला घेतला वाटतं रस्ता," ते म्हणाले आणि ड्रिल थांबवलं. आवाज थांबला. ड्रिल सुरू केलं. आवाज सुरू झाला.

"माझी नक्कल करतायत की काय मेले?"

"आँ," पोस्टमन म्हणाला.

"गेल्याच महिन्यात बुजवला ना हा खड्डा? लाज कशी वाटत नाही यांना?"

"आँ आँ."

"तुम्हीही तेच म्हणणार. सगळेच म्हणतात, पण तक्रार कुणी करत नाही." चौथ्यांदा तसंच झालं तेव्हा डॉक्टरांनी हत्यारांचा कप्पा भिंतीवर आपटून बंद केला. खुंटीवरची गिटार हादरली आणि सहाच्या सहा तारा एकदम झणाणल्या.

बाहेर इमारत कोसळली. निदान तसं ऐकू आलं. ताई उठल्या. आणि ताई उठल्या म्हणून बाकीचे पाचही उठले. त्यांतले दोघे त्यांचे जुने विद्यार्थी, एकाला तर टक्कल पडलेलं. सगळे रांगेने बाहेर पडले.

डॉक्टर रस्तावाल्यांना झापायला बाहेर आले, तर खोली रिकामी.

"मावशी, ताई कुठे?"

"गेल्या. सगळेच गेले. तुम्ही आत त्या पोस्टमनला काय करत होता?"

"मी काय करत होतो? दाढ कोरत होतो!"

"इतकी?"

डॉक्टरांची नजर फळीवर गेली. ते दोन पावलं पुढे झाले, बटणं पाहिली आणि त्यांचा आवाज चिरकला. "ही कुणी फुल्ल केली?"

"फुल्ल? मी स्वतः घट्ट बंद केलीत. माझ्यावर डाफरू नका. शपथेवर सांगते, आणखी पिळली तर तुटतील."

डॉक्टरांनी एका काखेत डबा मारला, गळ्यात गिटार अडकवली आणि एप्रनवरच ताईंच्या घराकडे निघाले. दोन गल्ल्या पलीकडे. आपली काही चूक नाही, चूक या डब्याची आहे, हे प्रत्यक्ष वाजवून दाखवायचं त्यांनी ठरवलं होतं. पाठीमागून, गळ्यात कागदी रुमाल आणि तोंडात कापूस घेऊन, पोस्टमन येत होता. त्याला 'थांब' म्हणायचं राहूनच गेलं होतं.

ताईंनी साखळी न काढता दार उघडलं. गाल टम्म फुगलेला.

"ताई, तो आवाज ड्रिलचा नव्हता. म्हणजे ड्रिलचाच होता, पण गिटारमधून."

"मी अकरा वर्षांनी आले, आणि त्या दिवशी तू गिटार वाजवत होतास?"

"वाजवत नव्हतो. ती टांगलेली होती."

"मग वाजली कशी?"

"मी कप्पा आपटला."

"का आपटलास?"

"राग आला."

"कुणाचा?"

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. गल्लीत अकरा माणसं जमली होती, त्यांत ताईंचा तो टक्कल पडलेला विद्यार्थीही होता. शेवटी त्यांनी पोस्टमनला पुढे ढकललं. "याला विचार. खुर्चीत हा होता. जरा तरी दुखलं का, विचार."

पोस्टमनने तोंड उघडलं. खालचा ओठ लोंबत होता, त्यातून एक ओघळ आला. शब्द एकही धड आला नाही.

"हा तीस वर्षं माझ्या दारात नीट बोलायचा," ताई म्हणाल्या. त्यांनी साखळी काढली, पोस्टमनला हाताला धरून आत घेतलं, आणि भावासमोर दार पुन्हा लावलं. आतून आवाज आला, "भूल उतरू दे याची. मग मीच विचारते. दुखलं नाही म्हणाला, तर येईन."

डॉक्टर पायरीवर बसले. हे बरंच झालं, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग आठवलं. दाढ अर्धी कोरून उघडी पडली होती. आत सिमेंट भरायचं राहिलं होतं. भूल उतरली की ती ठणकणार.

"ताई, दार उघड. पाच मिनिटांसाठी त्याला मला दे."

"साक्षीदाराला पढवायचं नाही."

इंजेक्शन दहा वीसचं. भूल उतरायला दोन तास. बारा वाजून पाच मिनिटांनी डॉक्टरांनी खिडकीतून पाहिलं तेव्हा ताई एका हाताने स्वतःचा गाल धरून पोस्टमनसमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या, आणि पोस्टमनने नुकताच स्वतःचा ओठ चिमटून पाहिला होता.