वरमामाचा ढेकर

दोन हजार तेवीसच्या मे महिन्यातली गोष्ट. डिचोलीच्या विमला टीचर शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लहानपणी लग्नात उरलेलं जेवण वाड्यावर घरोघर पोचायचं. आता ते लग्नाच्या हॉलमागच्या खड्ड्यात जाताना त्यांना बघवेना. म्हणून बाबलीच्या टेम्पोतून त्या ते कारापूरला, बांधकाम कामगारांच्या खोल्यांवर नेऊ लागल्या.

त्या रविवारी ओळखीच्या गुरुदासच्या मुलीचं लग्न होतं. अडीचला पंगत उठली आणि आचारी दुसऱ्या कामाला पळाला. मागच्या बाजूला जेवणाचे पाच टोप झाकून ठेवलेले होते.

"एकदा विचारुया मगो," बाबली म्हणाला.

"विचारीत रवलंय तर भात आंबतलो. उचल."

कारापूरला सगळी पानं वाढून झाली आणि गुरुदासचा फोन आला.

"टीचर, टोप खंय गेले?"

नवरानवरीबरोबर देवळात गेलेली नवऱ्याकडची तीस माणसं आत्ताच परतली होती. टोप त्यांच्यासाठीच राखलेले. वरमामा हात धुऊन बसले होते आणि वाढायला पाण्याशिवाय काही नव्हतं. हॉटेलांच्या चुली विझलेल्या. गुरुदास म्हणाला, "पयल्याच दिसा सोयरे उपाशी गेले तर माझ्या चेडवाक जल्मभर ऐकूक लागतला."

विमला टीचरनी पंगतीकडे पाहिलं. पोरांची बोटं खिरीत बुडालेली. तोंडातला घास परत मागायचा कसा? त्या उठल्या, बसल्या, परत उठल्या. तिथल्या कामगार बायकांतली बेळगावकडची सिंधू केव्हाची बघत होती. तिनं दोनदा विचारलं, तेव्हा टीचरनी सांगून टाकलं.

"एवढंच व्हय? बसा गप," म्हणून तिनं बायकांना हाका घातल्या. सहा चुली पेटल्या.

साडेचारला टेम्पो हॉलवर आला. ज्वारीच्या भाकऱ्या, झुणका, मिरचीचा खरडा, आणि वाढायला सिंधू. वरमामा खुर्ची फिरवून बसले होते. टीचरचा टेम्पो कसला, ते त्यांना कुणीतरी सांगितलंच होतं.

"ह्या खंयचा उरलेला?" त्यांनी विचारलं.

"उरलेलं न्हवं, मामा," सिंधू म्हणाली. "उरलेलं आम्ही खाल्लं. तुमच्यासाठी ताजं केलंय."

मामांनी पाच भाकऱ्या खाल्ल्या. मग मोठ्ठा ढेकर दिला.

गुरुदासची मुलगी सासरी चोपड्याला सुखात आहे. तिला टोमणा सोडाच, मामा भेटले की खरडाच मागतात. सिंधू पेडण्याला नव्या कामावर गेली. बाबली अजून टेम्पो चालवतो, पण टोप उचलण्याआधी तीनदा विचारतो. विमला टीचर मात्र कुणालाच विचारत नाहीत. हॉलच्या मागच्या दारी ताटकळत उभ्या राहतात आणि त्या लग्नातल्या वरमामाचा ढेकर ऐकू आला, की मगच पदर खोचतात.